वृद्धाश्रमातली देखभाल तपासायची कशी? (बेळगाव-खानापूर-चंदगड परिसर)

वडगावकरीण

आमच्या आत्तीसाठी वृद्धाश्रम बघायला सुरुवात केलीय. वय ७९. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एकटीच राहते. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. उन्हाळ्यात अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालते. पण त्यानंतर विसरणं फार वाढलंय. चुलीवर दूध ठेवून परड्यात जाते, दुपारी विचारते सकाळ झाली का. शेजारची माणसं जीव लावतात, पण त्यांनी तरी किती करायचं? भाऊ पुण्याला, चुलत बहीण फोंड्याला. मी इथं वडगावात दोन खोल्यांत, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेवटी आत्तीच म्हणाली, "मला कुठंतरी बऱ्या जागी ठेवा, फक्त मराठी बोलणारी माणसं असू देत."

काही ठिकाणं बघून आले. ऑफिसात चहा, भिंतीवर सत्काराचे फोटो, चकचकीत फरशी, बागेत बाक, आणि "काही काळजी करू नका ताई". फरशी बघून मला काय कळणार? उद्या आत्तीला तोंडानं काही सांगता येणार नाही. तेव्हा तिथं तिचं काय होईल, हे मला आज कळायला हवंय. पत्ते आणि जाहिराती नकोत. बघायचं काय आणि विचारायचं काय, तेवढं सांगा. ज्यांनी घरचं माणूस ठेवलंय किंवा जे तिथं काम करतात त्यांनी कृपया लिहा.

निपाणीकर

पहिल्यांदा कागद बघा. बहुतेक आश्रम ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेले असतात. कर्नाटकात १९६० चा सोसायटी नोंदणी कायदा, पलीकडे महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. पण त्या नोंदणीचा देखभालीशी काही संबंध नाही. संस्था अस्तित्वात आहे, एवढंच ती सांगते. लोक सर्टिफिकेट बघून निर्धास्त होतात म्हणून मुद्दाम लिहितो.

केंद्राच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा, दोन्ही त्यात होतं. ते मंजूर झालं नाही. त्यामुळं आपल्याकडे आजही बरीचशी तपासणी घरच्यांनाच करावी लागते.

परिचारिका_शहापूर

ताई, मी अनेक वर्षं वॉर्डात काम केलंय. आश्रमांतून आलेले पेशंट रोज बघितलेत. ऑफिसात काय सांगतात ते ऐकून घ्या, पण बघायची ती अंथरुणाला खिळलेली माणसं बघा. चालत्या-बोलत्या माणसाची सोय कुठंही बऱ्यापैकी होते. सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा, ज्याला कूसही बदलता येत नाही त्याच्यापाशी.

परवानगी घेऊन अशा एखाद्या आज्जींच्या कॉटजवळ जा. अंगावर चादर असते, त्यामुळं काही दिसत नाही. टाचा, माकडहाड, खुबा, घोटे, कोपर ही बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांची, ठिकाणं. परक्या बाईचं अंग उघडून बघता येणार नाही, ते योग्यही नाही. पण टाच दिसते, आणि कूस बदलल्याच्या नोंदीचा कागद मागता येतो. ज्याला हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर मॅट्रेस असली तरी बदलावीच लागते, ती आहे म्हणून सुट्टी नाही. नोंदीत रात्री दोन आणि चारच्या सह्या आहेत का बघा. सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच हातानं, एका बैठकीत केलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समजा.

आत्तीला ठेवल्यावर हे स्वतः बघत जा: जिथं लाल दिसतंय तिथं बोटानं दाबा. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर जखम आतून सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथं हात लावून बघायचं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते.

दुसरं वजन. दर महिन्याला वजन करून वहीत लिहितात का? महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर त्यामागं काहीतरी कारण असतं, ते शोधायलाच हवं. पन्नास किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो गेले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं मी बघितलंय. काटा नसेल तर बांगड्या बघा, त्या कोपराकडं सरकायला लागतात.

तिसरं पाणी. तांब्या कॉटपाशी आहे का, आणि हात पुरेल एवढा जवळ आहे का? म्हातारपणी तहान कमी लागते, मागून पाणी घेतलं जात नाही. काही ठिकाणी तर संध्याकाळनंतर मुद्दाम पाणी देत नाहीत, रात्री डायपर बदलायला नको म्हणून. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, ताप येतो, माणूस बडबडायला लागतं, आणि सगळे म्हणतात "वय झालं".

कणकुंबीचा पाऊस

आपल्या भागापुरतं एक सांगतो. आश्रम जानेवारीत बघू नका, जुलैत बघा. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात पाऊस लागला की आठ-आठ दिवस चादरी वाळत नाहीत. लाईट जाते ती दुसऱ्या दिवशी येते. तेव्हा कपडे कुठं वाळवतात, ओली गादी बदलायला दुसरी आहे का, जनरेटर आहे की नुसता इन्व्हर्टर, पाण्याची मोटर बंद पडली तर काय करतात, हे विचारा. माझ्या वडिलांना आम्ही ज्या ठिकाणी ठेवलं होतं तिथं उन्हाळ्यात सगळं छान वाटलं. पावसाळ्यात भेटायला गेलो तर ओलसर पांघरुणात कुडकुडत होते. बाकीच्या चार-पाच जणांना खरूज झाली होती. बोटांच्या बेचक्यात बघा. एकाला झाली तर सगळ्यांना एकाच वेळी औषध लावावं लागतं, आणि कपडे-अंथरूण कडक पाण्यातून काढावं लागतं. हे वेळेवर करतात का, यावरून बरंच कळतं.

घरचंच बरं

आई-वडिलांना, आत्या-काकांना आश्रमात ठेवायचं हेच मुळात पटत नाही. आमच्या आधीच्या पिढीनं कुणाला बाहेर ठेवलं नाही.

वडगावकरीण

दादा, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण आत्तीनं स्वतः ठरवलंय, आणि माझ्या घरची परिस्थिती मी वर लिहिलीय. आधीच्या पिढीत घरात चार सुना दिवसभर राबत होत्या, त्यांना कुणी विचारलंही नाही. त्या वादात मला शिरायचं नाही.

परिचारिकाताई, तुमचं लिहिलेलं वहीत उतरवून घेतलं. रात्रीचं कसं बघायचं?

परिचारिका_शहापूर

रात्री किती माणसं ड्युटीवर, आणि तेव्हा अंथरुणाला खिळलेले किती? एवढाच प्रश्न. दिवसाचा आकडा सगळे सांगतात. रात्री तीस जणांना एकच बाई असेल, आणि तीच सकाळी स्वयंपाकाला उभी राहणार असेल, तर बाकी काही विचारायची गरज नाही.

आणि संध्याकाळी साडेसात-आठला जा. त्या वेळी सगळे गाढ झोपलेले दिसले तर झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारा. कुणाला कुठली गोळी, कुणी लिहून दिली, चिठ्ठी कुठंय? डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) माणसाला शांत ठेवायला मनोविकाराची औषधं दिली जातात. त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली त्या औषधांवर छापायला लावली. कधी कधी ती द्यावी लागतातही, पण डॉक्टरनं तपासून, मोजक्या दिवसांसाठी. केअरटेकरनं आपल्या सोयीसाठी देणं ही वेगळी गोष्ट आहे. कॉटच्या दांड्याला साडीची चिंधी किंवा ओढणी बांधलेली दिसली तर ती कशासाठी, तेही विचारा. "पडू नये म्हणून बांधतो" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. बांधलेलं माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतं.

यॉर्कशायरची_बेळगावी

मी मूळची अनगोळची. इथं इंग्लंडात एका केअर होममध्ये नर्स आहे. तपासणीच्या दुसऱ्या बाजूला मी उभी असते, म्हणून लिहिते.

इथं 'केअर क्वालिटी कमिशन' नावाची संस्था २००९ पासून हे काम करते. तपासनीस बहुतेक वेळा न कळवता येतात. त्यांचे पाच प्रश्न ठरलेले आहेत: इथं माणूस सुरक्षित आहे का, देखभालीचा उपयोग होतोय का, वागणूक मायेची आहे का, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणं धावून जातात का, आणि संस्था नीट चालवली जातेय का. त्यावरून चार श्रेणी देतात, उत्कृष्टपासून अपुऱ्यापर्यंत. अहवाल कुणालाही वाचता येतो. तपासनिसाबरोबर पुष्कळदा असा एक माणूस असतो ज्यानं स्वतः अशी सेवा घेतलीय किंवा ज्याचं घरचं माणूस अशा ठिकाणी होतं. तो रहिवाशांशी बोलतो, आणि कागदात न सापडणारं त्याला सापडतं.

पण श्रेणी म्हणजे त्या एका दिवसाचं चित्र. मॅनेजर बदलला, जुनी माणसं सोडून गेली, की सहा महिन्यांत सगळं बदलतं. चांगली श्रेणी दारावर आहे म्हणून डोळे मिटून ठेवू नये, हे मी इथल्या नातेवाइकांनाही सांगते.

वडगावकरीणताई, तुमचा खरा प्रश्न बोलता न येणाऱ्यांचा आहे. त्यावर इथं एक पद्धत आहे, आणि ती तुम्हाला फुकटात वापरता येईल. ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवूड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी डिमेन्शियाच्या लोकांसाठी ती तयार केली. निरीक्षक सगळे बसतात त्या खोलीत गप्प बसून राहतो आणि दर पाच मिनिटांनी काही ठरावीक रहिवाशांबद्दल लिहितो: आत्ता काय करतोय, चेहरा कसा आहे, कुणी जवळ आलं का, आलं तर कसं वागलं. मनःस्थितीला उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत गुण देतात. याच धर्तीवर तपासनिसांसाठी एक छोटी पद्धत नंतर तयार झाली.

तुम्हाला गुण वगैरे द्यायची गरज नाही. दुपारी चारच्या सुमाराला हॉलमध्ये तासभर बसायची परवानगी मागा. बोलता न येणाऱ्या तिघा-चौघांवर लक्ष ठेवा. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहा. तासाभरात कुणी त्यांच्याशी बोललं का? बोललं तर "उठा, चला, तोंड उघडा" एवढंच, की दोन शब्द साधे, माणसाशी माणसानं बोलावं तसे? किटवूडनी माणसाला आतून मोडणाऱ्या वागण्याची यादीच केली होती. त्यात मारहाणीचं फारसं काही नाही. एखादी तिथं नाहीच असं धरून तिच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलणं. पंचाहत्तरीच्या बाईला लहान पोरासारखं दटावणं. तिला जमणार नाही इतक्या घाईनं उठवणं-बसवणं. "मुलगा आलाय" म्हणून खोटं सांगून बाथरूममध्ये नेणं. हे करणाऱ्यांना आपण वाईट वागतोय असं वाटतही नाही, म्हणून ते लपवत नाहीत. तुम्ही बसला असतानाही ते घडेल, आणि तुम्हाला दिसेल.

संकेश्वरी

हे फार उपयोगाचं आहे. पण इथं आपल्याला तासभर बसू देतील?

यॉर्कशायरची_बेळगावी

नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. रहिवाशांच्या खाजगीपणाचं कारण देतील, ते रास्तही असू शकतं. मग हॉलऐवजी बागेत, आरतीच्या वेळी, जेवणाच्या वेळी बसू द्या म्हणा. कशालाच नाही म्हणाले तर पुढचं ठिकाण बघा.

आश्रमवासी_मास्तर

मी निवृत्त शिक्षक, वय ८१. पत्नी गेल्यानंतर स्वखुशीने बेळगावजवळच्या एका आश्रमात राहतो. इथे सगळे बाहेरून बघणारे बोलत आहेत, म्हणून आतून लिहितो.

तुम्ही मॅनेजरबरोबर फिरत आम्हाला विचारता, "कसं आहे इथं?" आम्ही म्हणतो, "सगळं छान आहे." दुसरं काय म्हणणार? तुम्ही तासाभरात जाल, आम्हाला उद्या त्यांच्याच हातचं जेवायचं आहे. एकट्यानं या. शेजारी बसा. आधी गावची चौकशी करा, पिकापाण्याचं विचारा. मग विचारा, रात्री लघवीला जायचं झालं तर कुणाला हाक मारता, आणि येतात का? या एका प्रश्नाला खोटं उत्तर देणं अवघड जातं.

मला इथे काय महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. माझ्या खोलीत येताना दार वाजवतात. मला "मास्तर, तुम्ही" म्हणतात. शेजारच्या आश्रमातून आलेले एक गृहस्थ सांगत होते की तिथे सगळ्यांना सरसकट "ए आज्ज्या, ए आज्जे". माझं कपाट मला कुलूप लावून ठेवता येतं. पहाटे उठायची सवय आहे तर उठू देतात, आणि शेजारच्या काकूंना उशिरा उठायचं असतं तर त्यांना झोपू देतात. सगळ्यांना पाचला उठवून अंघोळी उरकणारे आश्रम शिस्तीचे म्हणून नावाजले जातात. ती शिस्त कुणाच्या सोयीची, हे कुणी विचारत नाही.

तक्रार केली तर काय होतं, हेही बघा. भाजीत तिखट फार म्हणून मी एकदा बोललो. दुसऱ्या दिवशी आचारी स्वतः विचारायला आला. दुसऱ्या कुठे असं बोलणाऱ्याला "तुमचं माणूस घरी न्या" म्हणून मुलांना फोन गेल्याचं माहीत आहे.

आणि ज्यांच्याकडे माणसं येतात-जातात, त्यांच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. हे चूक आहे, पण खरं आहे. म्हणून आश्रम निवडताना तुम्हाला बसनं पटकन येता येईल असा निवडा. लांबचा उत्तम असण्यापेक्षा जवळचा बरा असलेला चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडगावकरीण

मास्तर, नमस्कार करते. तुमच्या पत्राची मला सगळ्यात जास्त गरज होती. एक विचारते. आत्तीला मराठीशिवाय येत नाही. तरुणपणी बाजारापुरतं कन्नड यायचं, आता तेही विसरली. तुमच्याकडे काम करणारी माणसं कुठली?

आश्रमवासी_मास्तर

बऱ्याच मुली बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडच्या, कन्नड बोलणाऱ्या. कामाला कष्टाळू आणि मनानं चांगल्या. एक तर अशी आहे की वर्षभरात आम्हा सगळ्यांशी मराठी बोलायला शिकली. पण जी नवी येते तिला सुरुवातीला काही कळत नाही, आणि आमच्यातल्या ज्यांचं डोकं चालत नाही त्यांचे त्या काळात हाल होतात.

परिचारिका_शहापूर

डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते, लहानपणची मागं राहते. म्हणून आपल्या सीमाभागात हा मुद्दा नुसता आवडीनिवडीचा नाही. पोटात दुखतंय, थंडी वाजतेय, लघवीला जायचंय, हे सांगता आलं नाही तर माणूस ओरडतं, चिडतं, हात उगारतं. मग ते "त्रासदायक" ठरतं आणि झोपेची गोळी सुरू होते. कन्नड बोलणाऱ्या आज्जी पलीकडच्या मराठी आश्रमात गेल्या तरी हेच होणार. प्रत्येक पाळीत, विशेषतः रात्रीच्या, तिची भाषा समजणारं एक तरी माणूस आहे का, हे विचारा. आणि आत्ती घरात दुखण्याला, भुकेला, शौचाला नेमकं काय म्हणते ते एका कागदावर मराठीत आणि कन्नड लिपीत लिहून कॉटजवळ चिकटवा.

निवृत्त_शिरस्तेदार

कायद्याची बाजू थोडक्यात. आत्तीला मूल नाही. तरी २००७ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसा मिळणार आहे, त्या सज्ञान नातेवाइकानं सांभाळायचं असतं. ऐपत मात्र हवी. वारस अनेक असतील तर वाट्याच्या प्रमाणात. शेत कुणाला येणार आहे ते बघा, आणि भावा-बहिणींनी मिळून दरमहाचा खर्च आत्ताच वाटून घ्या. नाहीतर हे सगळं जवळ राहणाऱ्या बाईच्या गळ्यात पडतं, हे मी कचेरीत बसून फार बघितलं.

सीमेवरच्या लोकांनी कलम ६ लक्षात ठेवावं. ज्येष्ठ जिथं राहतात, शेवटचं जिथं राहत होते, किंवा मुलं-नातेवाईक जिथं राहतात, यांपैकी कुठल्याही जिल्ह्यात न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. म्हणजे आश्रम चंदगडला असला आणि घर खानापूरला, तरी अडत नाही. कर्नाटकात हे न्यायाधिकरण असिस्टंट कमिशनरकडे असतं, महाराष्ट्रात प्रांताकडे. निर्वाहाची रक्कम कायद्यानं जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवादात आणखी ३० दिवस.

आश्रमात ठेवताना कुठल्याही कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. जमीन कुणाच्याही नावावर करायची वेळ आलीच तर बक्षीसपत्रात "देखभाल करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. देखभाल झाली नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला कलम २३ चा आधार आहे, आणि तो त्या अटीवर उभा आहे. मूळ आधार कार्ड आणि पेन्शनचं पासबुक आश्रमाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. संध्या सुरक्षाचे (कर्नाटक सरकारच्या वृद्ध पेन्शनचे) पैसे कर्नाटकच्या पत्त्यावर येत असतील तर घाईनं पत्ता बदलू नका. अनामत रक्कम माणूस गेल्यावर किंवा परत घरी नेल्यावर किती दिवसांत परत मिळते, हे करारात हवं. डायपर, औषधं, रुग्णालयात सोबत बसणारं माणूस, हे महिन्याच्या रकमेत आहे की वेगळं, तेही लिहून घ्या. पुढं वाद होतो तो इथंच होतो.

कुठं छळ किंवा हयगय होताना दिसली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे. तुमचं माणूस तिथं नसलं तरी फोन करा.

सेवेकरी_चंदगड

मी सीमेपलीकडे एका लहान आश्रमात काम करते. इथलं सगळं वाचलं. प्रश्न विचारा, जरूर विचारा. आम्हाला राग येत नाही. उलट जे काहीच न विचारता सामान ठेवून निघून जातात, त्यांची आम्हाला धास्ती वाटते.

आमचीही बाजू ऐका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भरवायला घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो. उठवून बसवून, घासागणिक थांबून भरवायचं तर एकेकाला अर्धा तास लागतो. तसे सहा जण असतील तर तीन तास, आणि दिवसातून तीनदा. हे काम करणाऱ्या बाईला काजू फॅक्टरीत यापेक्षा जास्त पैसे मिळतात. ती का टिकेल? म्हणून विचारा की इथं सगळ्यात जुनी काम करणारी बाई किती वर्षांपासून आहे. गेल्या वर्षी किती जणी सोडून गेल्या. सारख्या नव्या बायका असतील तर म्हाताऱ्या माणसाला कुणाची ओळखच लागत नाही.

आणि पडल्याची वही मागा. "आमच्याकडे कुणी पडत नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. म्हातारी माणसं पडतात. आमच्याकडेही पडतात. तारीख, वेळ, कुठं पडलं, घरी कधी कळवलं, पुढं काय केलं, हे आम्ही लिहितो. बाथरूमबाहेर पहाटे दोन-तीन जण पडले हे वहीत दिसलं म्हणून तिथं दांडा आणि रात्रीचा दिवा लावला. वही नसती तर प्रत्येक वेळी नशिबाला बोल लावला असता.

संकेश्वरी

जेवणाच्या वेळांबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्या काकांकडे संध्याकाळी सहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता. मध्ये काही नाही. काकांना शुगर.

परिचारिका_शहापूर

साडेचौदा तास झाले. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहाटे साखर उतरू शकते, हे धोक्याचं आहे. अमेरिकेत नर्सिंग होमसाठी नियमच आहे की रात्रीचं जेवण आणि नाश्ता यांत साधारण चौदा तासांपेक्षा जास्त अंतर नको, आणि असेल तर झोपताना पोटभरीचं काहीतरी द्यायचं. काकांसाठी नऊ वाजता दूध किंवा नाचणीची आंबील द्यायला सांगा. डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा, पण आजच बोला.

वडगावकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चुलत बहीण फोंड्याहून आली, दोघी मिळून दोन ठिकाणी जाऊन बसलो.

पहिलं ठिकाण इमारतीनं फार सुंदर. हॉलमध्ये टीव्ही मोठ्यानं लावलेला, कुणीच बघत नव्हतं. आम्ही ज्या तिघींवर लक्ष ठेवलं त्यांच्यापैकी एकीशी तासाभरात कुणी एक शब्द बोललं नाही. चहा दिला तोही न बोलता, हातात कप कोंबून. त्यांचा कप थरथरत होता, निम्मा चहा लुगड्यावर सांडला. ते पुसायला कुणी आलं नाही, शेवटी बहीण उठली. पडल्याची वही मागितली तर "तसलं काही इथं होत नाही".

दुसरं ठिकाण जुन्या कौलारू घरात. भिंतीला ओल, बाग नाही, सत्काराचे फोटो नाहीत. तिथं एक आज्जी सारख्या "मला घरला जायाचं हाय" म्हणत होत्या. काम करणारी बाई हातातली भाजीची परात घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. घर कुठं आहे, परड्यात काय काय लावलंय, विचारत राहिली. आज्जी सांगता सांगता तिच्याबरोबर शेंगा निवडायला लागल्या. वजनाची वही होती, पडल्याची पण होती. रात्री दोघी असतात, त्यांतली एक नंदगडची, मराठी बोलणारी. ओल आलेल्या भिंतीबद्दल विचारलं तर म्हणाले, पैसे जमले की पत्रा मारून घेणार, तोपर्यंत कॉट भिंतीपासून लांब ओढल्यात. ते खरंच होतं.

आत्तीला दाखवून आणलं. तिला शेंगा निवडणाऱ्या बायका आवडल्या. आधी महिनाभर ठेवून बघणार आहोत, करार नंतर. भावानं आणि बहिणीनं खर्चाचा वाटा कबूल केलाय, कागदावर. परिचारिकाताई, पहिल्या दिवशी जाताना मी काय काय करू?

परिचारिका_शहापूर

जायच्या आधी घरीच टाचा, माकडहाड आणि ऑपरेशनची जागा नीट बघा, मोबाइलवर तारखेसकट फोटो घ्या आणि ते तिथल्या बाईला दाखवा. म्हणजे कुठली खूण आधीची, कुठली नंतरची, यावर वाद राहणार नाही. गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून सहीशिक्क्यानिशी घ्या, एक प्रत तिथं, एक तुमच्याकडे. तिचा चष्मा, कवळी आणि वॉकर यांवर नाव घाला, या तीन गोष्टी आश्रमात हमखास अदलाबदल होतात. रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात न्यायचं आणि आधी कुणाला फोन करायचा, ते लिहून द्या. एक नंबर लागला नाही तर दुसरा, म्हणून भावाचाही द्या. पहिले पंधरा दिवस ती रडेल, घरी न्या म्हणेल. तेवढ्यावरून घाबरून निर्णय बदलू नका, पण खाणं सोडलं तर मात्र थांबू नका. आणि तिथल्याच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी, पहिल्याच दिवशी वजन करून त्यांच्या वहीत लिहून घ्या.